प्रश्न आपण देऊ, शोध विद्यापीठाने घ्यावा
वढू बुद्रुकच्या ग्रामस्थांना जाहीर आवाहन

वढू बुद्रुक आणि परिसरातील सर्व बंधू-भगिनींनो,



सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आपल्यापासून फार लांब नाही. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत आणि आपल्या बहुतेक पदवीधर मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर त्याचाच शिक्का असतो. मात्र गावाला विद्यापीठ दिसते ते फार तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात. मुले येतात, झाडू मारतात, रोपे लावतात, समारोपाला नारळ-टोपी होते आणि गाडी निघून जाते. मुलांच्या कष्टात खोट नसते. पण काय करायचे हे आधीच ठरवून ती आलेली असतात. गावाला काय हवे होते, हे गावाने कधी लेखी सांगितलेलेच नसते.

ते आता आपण सांगावे, एवढ्यासाठी हे आवाहन आहे.

अभ्यासाने काय घडते, हे वढूला सांगावे लागू नये. छत्रपती संभाजी महाराजांची प्रतिमा बखरींनी आणि नाटकांनी अनेक वर्षे मलिन करून ठेवली होती. ती धुऊन काढली ती कागदपत्रे शोधणाऱ्या माणसांनी. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे साधने गोळा करण्यात घालवली आणि १९६० मध्ये महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. आपल्या गावातली समाधी शोधून काढण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. पुढे डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले. आज फाल्गुन अमावास्येला वढूत जो जनसागर लोटतो, त्याच्या मागे अशा चिकाटीच्या वाचनाचाही वाटा आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच तालुक्यातले. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांच्यासारखे संशोधक तिथे राबले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव मातीखालून वर आले : घरे, धान्याच्या साठवणीच्या जागा, पुराचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट आणि बांध. भारतातल्या ताम्रपाषाण युगाचा अभ्यास इनामगाव वगळून होत नाही. मोठा अहवाल १९८८ मध्ये निघाला, तो इंग्रजीत. शिरूर तालुक्यातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे, ते ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे. जमीन गावाची, खोदकामाला हात गावाचे, आणि निघालेले ज्ञान मात्र गावापर्यंत पुरते परतले नाही. वढूत असे होऊ नये.

गावाने प्रश्न द्यायचा आणि विद्यापीठाने शोधायचा, याचा एक नमुना आहे : नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात ‘विज्ञान दुकान’ नावाची सोय सुरू केली. सामान्य माणसाने आपला प्रश्न तिथे नेऊन द्यायचा, विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्याचा अभ्यास करायचा. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात समाजातल्या कामाला आणि क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. म्हणजे विद्यार्थ्यालाही असे काम हवेच आहे. आपण प्रश्न तयार ठेवले तर त्याला गावात येऊन विषय शोधत फिरावे लागणार नाही.

आमच्या मते पहिले तीन प्रश्न असे :

पहिला, पाण्याचा. देहू, पिंपरी-चिंचवड, आळंदी करत इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळते आणि ते पाणी खाली आपल्याकडे येते. एकदा बाटली भरून नेऊन भागणार नाही. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा या तिन्ही ऋतूंत नदीचे आणि काठच्या विहिरींचे पाणी तपासले जावे आणि ते उसाला, जनावरांना, माणसांना कितपत चालते हे साध्या मराठीत सांगितले जावे.

दुसरा, यात्रेकरूंचा. पुण्यतिथीला आणि सुट्ट्यांत येणारी गर्दी, वाहनतळ, कचरा, पाणी, महिलांसाठी स्वच्छतागृहे यांचे नियोजन, आणि गावातल्याच मुलामुलींना जबाबदारीने इतिहास सांगण्याचे प्रशिक्षण.

तिसरा, कागदपत्रांचा आणि आठवणींचा. हा नाजूक आहे, म्हणूनच टाळू नये. महाराजांच्या अंत्यसंस्काराविषयी गावात वेगवेगळ्या परंपरा सांगितल्या जातात. एका परंपरेनुसार ते अंत्यसंस्कार करणारे गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस जो तणाव झाला आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसरात जो हिंसाचार झाला, त्याची झळ आपण सर्वांनी सोसली. विद्यापीठाने इथे निवाडा द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक वाड्यातले, प्रत्येक वस्तीतले मोडी कागद आणि ज्येष्ठांच्या आठवणी सारख्याच आदराने नोंदवल्या जाव्यात, एवढेच मागणे आहे. नोंद झालेली गोष्ट शांतपणे वाचता येते. ऐकीव गोष्टीवर फक्त आवाज चढतात.

त्यासाठी आपणा सर्वांना विनंती :

१. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, वरच्या प्रश्नांत भर घालावी आणि ठरावाची प्रत विद्यापीठाला व जवळच्या महाविद्यालयांना द्यावी.

२. जुने कागद रद्दीत घालू नयेत. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये. छायाचित्र घरातच, आपल्यासमोर काढू द्यावे.

३. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी आपला प्रकल्प शक्यतो गावाच्याच प्रश्नावर घ्यावा.

४. शेतकऱ्यांनी विहिरीचे पाणी आणि माती तपासणीला द्यावी. निकाल वाईट आला तरी तो झाकू नये.

५. महिला बचत गटांनी, सर्व समाजांच्या वस्त्यांनी आणि कंपन्यांत कामाला असलेल्या तरुणांनी आपापले प्रश्न स्वतः मांडावेत. त्यांच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये.

विद्यापीठाकडेही तीन गोष्टी स्पष्ट मागू. काम वर्षभराचे असावे, सात दिवसांचे नको. केलेला अभ्यास मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीत व शाळेत ठेवावी. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे, त्यांची संमती असेल तर, त्यात असावीत.

विद्यार्थी आले की आपण त्यांना चहा देऊच, ती आपली रीत आहे. यापुढे चहाबरोबर प्रश्नांची यादीही त्यांच्या हाती द्यावी. ग्रामसभेची दवंडी झाली की घरटी एक तरी माणूस, आणि शक्यतो घरातली एक तरी बाई, हजर राहावी ही कळकळीची विनंती.

आपले,
गावातील काही शिक्षक, शेतकरी आणि माजी विद्यार्थी
वढू बुद्रुक, ता. शिरूर, जि. पुणे