रोशाचें तेल वजनानें विकावें कीं गुणानें?

डोंगरउताराच्या हलक्या जमिनींत रोशा गवत आपोआप उगवतें, व कांहीं शेतकरी बंधू तें मुद्दाम लावतातही. परंतु त्याचें तेल विकतांना भाव केवळ वजनावर ठरविणें हें शेतकऱ्याच्या हिताचें नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे.

या तेलाचा सुवास मुख्यत्वें ज्या द्रव्यामुळें येतो, त्यास जिरॅनिऑल म्हणतात. त्याच्या एका रेणूंत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ व ऑक्सिजनचा १ परमाणु असतो. हेंच द्रव्य गुलाबाच्या अत्तरांतही असतें. म्हणूनच एकोणिसाव्या शतकांत खानदेश व निमाडकडील तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या मार्गानें तुर्कस्तानांत जाई व गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. माल आपला, पण बाजारांत त्यास नांव मिळालें ‘तुर्की जिरॅनियम तेल’!

रोशाच्या मोतिया व सोफिया अशा दोन जाती आहेत. मोतिया कोरड्या उतारावर, तर सोफिया सखल व ओलसर जागीं वाढते. दिसावयास दोन्ही सारख्याच. पण मोतियाच्या तेलांत जिरॅनिऑल सामान्यतः शेंकडा ७५ ते ९० भरतें, सोफियाच्या तेलांत तें पुष्कळच कमी असतें. शिवाय तेल मुख्यतः फुलोऱ्यांत, त्याखालोखाल पानांत व दांड्यांत अगदींच थोडें असतें. तेव्हां जाती वेगळ्या ठेवून फुलोऱ्यावर कापणी करणारास आणि तेलांत रॉकेल ओतणारास एकच भाव मिळाला, तर चोख माल कोण करील?

शेतसाऱ्याचा आकार बसवितांना नुसतें क्षेत्र पाहत नाहींत, जमिनीची प्रत पाहतात. काळ्या जमिनीस व बरडास एकच आकार असावा, असें कोणी शेतकरी म्हणणार नाहीं. मग तेलासच प्रत कां नसावी?

तपासणीचा खर्च एकट्यास झेपत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. पण दहापंधरा जणांनीं एकाच जातीचें व एकाच वेळच्या कापणीचें तेल एकत्र करून एकच नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर तपासून घेतल्यास खर्च वांटला जातो. अशा वनस्पतींच्या संशोधनासाठीं लखनौ येथें १९५९ सालीं स्थापन झालेली केंद्रीय संस्थाही आहे. घरच्या घरीं पडताळा पाहावयाचा असल्यास, शेंकडा ७० शक्तीच्या अल्कोहोलच्या दोनतीन भागांत तेलाचा एक भाग घालावा. शुद्ध तेल विरघळून द्रव स्वच्छ राहतो. रॉकेल वा टर्पेंटाइन मिसळलेलें असल्यास तो गढूळ होतो. मात्र यानें ही भेसळ कळते, प्रत कळत नाहीं. त्यासाठीं यंत्रच पाहिजे.

आज टर्पेंटाइनपासून कारखान्यांत केलेलें जिरॅनिऑलही बाजारांत मिळतें. त्याच्याशीं स्वस्ताईंत आपण टिकणार नाहीं. टिकलों तर अस्सलपणावरच टिकूं. यास्तव तपासणीचा दाखला हातीं असल्याशिवाय तेलाचा भाव बोलूं नये, असा निश्चय सभासदांनीं येत्या हंगामापूर्वीं करावा.