शब्द, चाल आणि हक्क

चातुर्मासात आष्टी-कड्यापासून परळीपर्यंत नवी स्तवने कानी पडतात. त्यांतील काहींचे शब्द आणि चाल आपल्याच घरांतील मुलांची असते. असा एखादा मुलगा ‘हाच माझा व्यवसाय’ असे सांगू लागला की पेढीवरून पहिला प्रश्न येतो : यावर घर चालेल का? प्रश्न वाजवी आहे. रवींद्र जैन यांचे आयुष्य त्याचे बरेचसे उत्तर देते.

१९४४ साली अलीगढ येथे जन्मलेले रवींद्रजी जन्मांध होते. वडील पंडित इंद्रमणि जैन हे संस्कृतचे विद्वान व आयुर्वेदाचार्य. मुलाचा कल ओळखून त्यांनी त्याला रीतसर संगीतशिक्षण दिले; ही दूरदृष्टी त्या काळी किती पालकांनी दाखवली असती, असे मनात येतेच. पुढे कोलकाता, मग मुंबई. १९७३ च्या ‘सौदागर’ने त्यांचे नाव झाले. त्यानंतर ‘गीत गाता चल’, ‘चितचोर’, ‘अखियों के झरोखों से’, ‘नदिया के पार’ असे एकामागून एक चित्रपट राजश्री या एकाच संस्थेसाठी त्यांनी केले. शब्दही त्यांचे, सूरही त्यांचे. ‘चितचोर’मधील खेड्याच्या वर्णनाचे गीत गाऊन येसुदास यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते खेडे लिहिणाऱ्याने कधी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. १९८५ च्या ‘राम तेरी गंगा मैली’साठी त्यांना फिल्मफेअर मिळाले, तर २०१५ साली पद्मश्री.

थोडक्यात, घर चालते. गुण हवा, चिकाटी हवी आणि दीर्घकाळ टिकणारा व्यवहारसंबंध हवा. व्यापाऱ्याला हे निराळे सांगायला नको. परंतु गीत ही मिळकत आहे, हे मात्र आपण विसरतो. १९७७ साली, रवींद्रजींच्या ऐन बहराच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचा मालक, उलट करार नसल्यास, निर्माताच. गीतकाराला एकदाच बिदागी. पुढे ते गीत रेडिओवर हजारदा वाजले तरी त्याचा वाटा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांना समान वाटा दिला आणि तो सोडून देण्याचा करारही निरर्थक ठरवला. तोवर रवींद्रजींची बहुतेक चित्रपटगीते होऊन गेली होती.

स्तवन स्वतः रचले तर त्याचा पहिला मालक रचणाराच. हक्क दुसऱ्याकडे जातो तो लेखी करारानेच, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. दुकानाच्या भाडेपट्ट्याचा प्रत्येक शब्द वकिलाकडून वाचून घेणारे आपण. मुलाच्या ध्वनिमुद्रणाच्या कागदावर मात्र ‘कायमस्वरूपी’ हा शब्द न वाचताच सही होऊ देतो.

रवींद्रजी ९ ऑक्टोबर २०१५ रोजी निवर्तले. गीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. त्यांच्या शब्दांवरील आणि चालींवरील हक्क, तो ज्याच्या नावे असेल त्याच्याकडे, २०७५ अखेरपर्यंत जिवंत आहे.