गव्हाची आठवण राहिली, कापसाचं आणि खताचं काय?

बांधावरचं काँग्रेस गवत उपटताना जुनी माणसं अजून म्हणतात, 'हे अमेरिकेच्या गव्हातून आलं.' खरं-खोटं शास्त्रज्ञ बघतील. पण एवढी वर्षं ही गोष्ट टिकली, कारण रेशनवरच्या त्या लाल गव्हाची आणि मिलोची सल लोकांच्या मनात राहिली.

१९५६ पासून 'पीएल-४८०' कायद्याखाली अमेरिकेचा गहू यायला लागला. पैसे रुपयांत द्यायचे, त्यामुळे सोपं वाटलं. पुढे १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले. १९६६ साली तर सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. त्याच काळात व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांवर भारताने टीका केली, ती राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना झोंबली. आपण शेतीधोरण बदलावं हा त्यांचा आग्रह होताच. मग वर्षाचा करार नाही, जहाजं महिन्याच्या हिशोबाने सोडायची. शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं होतं ते याच टंचाईत. आणि १९६६ मध्येच मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून सुटायलाही बाहेरचंच बी लागलं, हे आपण सहसा सांगत नाही.

आता ऑगस्ट २०२५ बघा. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. मका, सोयाबीन, दूध यांचा बाजार उघडा, हा त्यांचा जुना आग्रह. ७ ऑगस्टला पंतप्रधान म्हणाले, शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही. कार्यक्रम होता हरितक्रांतीचे स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीचा. जागा बरोबर निवडली होती. या विषयावर उलटं बोलायची हिंमत कुठल्याच पक्षात नाही.

पण बाराच दिवसांनी, १९ ऑगस्टपासून, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेर, मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. कारण दिलं कापड गिरण्यांचं, आणि त्यांची अडचणही खरी होती. पण विदर्भ-मराठवाड्याचा कापूस बाजारात येतो तो नेमका याच महिन्यांत! गव्हाला जी आठवण राखते, ती कापसाला नाही. कापसासाठी कुणी कधी उपाशी राहिलं नव्हतं ना.

आणि खरी दोरी आता तिसऱ्याच ठिकाणी आहे. खायच्या तेलाचा अर्ध्याहून जास्त भाग बाहेरून येतो. २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेल तीनेक आठवडे रोखलं, तर आपल्या किराणा दुकानापर्यंत कळ पोचली. पोटॅश जवळपास सगळं परदेशी. डीएपी एक तर तयार येतं, नाहीतर त्याचा कच्चा माल मोरोक्को, जॉर्डनकडून. चीनने हात आखडला की इथे गोणी मिळेना.

तेव्हा जहाज उशिरा आलं तर रेशनच्या दुकानापुढे रांग लागायची. आता ती पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रापुढे लागते, आणि डीएपीच्या एका गोणीसोबत नको असलेली बाटली गळ्यात मारली जाते.