सीमेपलीकडे गेलेल्या बालकांच्या कुपोषणाची नोंद व उपचार यांबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार

विषय : ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील बालकांची एकाच निकषाने वर्गवारी व सलग उपचार होणेबाबत.

महोदय,

आम्ही अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व पालक हे निवेदन सादर करीत आहोत.

दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बारडोली, सुरत, भरूच भागात तोडीला जातात. बरीचशी होळीला परततात, काही त्यानंतर. लेकरे सोबतच असतात. ग्राम बालविकास केंद्रात आहार सुरू असलेले तीव्र कुपोषित (सॅम) बालकही त्याच ट्रकमध्ये बसते. आमच्या नोंदवहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि त्याचा उपचार तिथेच तुटतो. बालक परत येते तेव्हा त्याच्या दंडाला फीत लावली की माप पुन्हा लाल पट्ट्यात, म्हणजे ११.५ सेंमीच्या खाली. दोन्ही पावलांवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो, अशीही बालके आम्ही पाहिली आहेत. मधल्या महिन्यांत त्याला कोणी तपासले, हे सांगणारा कागद आईजवळ नसतो.

बालकांच्या नोंदीचा पोषण ट्रॅकर केंद्र सरकारचा आहे, दोन्ही राज्यांत चालतो, नाव हलवण्याची सोयही त्यात आहे. परंतु ऊसतोड कामगारांच्या पडावाजवळ अंगणवाडीच नसेल तर नाव हलवायचे कुठे? दुसरी अडचण निकषाची. उंचीनुसार वजन पाहिले की काही बालके सॅम ठरतात, दंडाचा घेर मोजला की काही वेगळीच ठरतात. म्हणून ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाची ही दोन्ही मोजमापे आणि पायांवरील सूज सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच तपासली जावी, आणि एका राज्याने दिलेली श्रेणी दुसऱ्याने मान्य करून उपचार पुढे चालवावा, ही आमची मुख्य मागणी आहे.

हे अशक्य नाही. सोमालियात २००४ मध्ये सुरू झालेली अन्नटंचाईची पाच टप्प्यांची वर्गवारी आज अनेक देश एकाच भाषेसारखी वापरतात. आपली तर दोनच राज्ये आहेत आणि दोन्ही पश्चिम क्षेत्रीय परिषदेत एकत्र बसतात. आपण हा विषय परिषदेच्या पुढील बैठकीत मांडावा. मध्य प्रदेश मध्य क्षेत्रीय परिषदेत येतो, त्यामुळे बडवानीकडील सीमेसाठी स्वतंत्र बोलणी लागतील.

तोवर गाळप सुरू होण्याआधी निघणाऱ्या कुटुंबांची गावनिहाय यादी गुजरातच्या संबंधित जिल्ह्यांना द्यावी, पडावांवर हंगामी अंगणवाडी सुरू करण्याची गुजरात शासनास विनंती करावी आणि प्रत्येक आईजवळ मराठी-गुजराती नोंदीचे एक कार्ड द्यावे. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि तोडीवरच्या कुटुंबाला एकाच शिधापत्रिकेवर आपापला वाटा मिळतो की नाही, याचीही तपासणी व्हावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. आमच्या पाड्यांतील बालके हंगामात अशा मोजणीच्या बाहेर राहू नयेत, म्हणून चालू वर्षाच्या दिवाळीपूर्वी लेखी आदेश निघावेत, ही विनंती.

आपले,
अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व पालक
तालुके अक्कलकुवा व धडगाव, जि. नंदुरबार