घारीला पिंजरा कशाला?



बंगळूरमध्ये घरामागच्या कोंबड्यांवर घारी-कावळे झडप घालतात, म्हणून पिंजरे लावून त्यांना धरावे, असे सुचवणारे मागील अंकातील पत्र वाचले. डोळ्यांदेखत पिल्लू उचलले गेल्यावर होणारा संताप मलाही ठाऊक आहे. उपाय मात्र मुळीच पटला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घार पकडणे हीसुद्धा शिकारच, आणि त्यासाठी कैद होऊ शकते. कावळ्याला उपद्रवी ठरवणारी यादीही 2022 च्या दुरुस्तीने रद्द झाली. शिवाय एक घार हलवली, तर मोकळ्या जागी दुसरी येते. कोंबडी कापून आतडी कुंपणापलीकडे फेकायची आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारीला दोष द्यायचा, हे कसे चालेल?

पिल्ले सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत डालग्याखाली किंवा वरूनही बारीक जाळी असलेल्या खुराड्यात ठेवावीत. जाळी ताणून बांधावी. सैल जाळीत पक्ष्यांचे पंख अडकतात. हेब्बाळला विकसित झालेली गिरिराज कोंबडी तर पूर्ण वाढल्यावर घारीला उचलवतच नाही. पत्रलेखकांनी पिंजऱ्याचे पैसे जाळीवर खर्च करावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, येलहंका, बंगळूर