भिंतीवरचा चष्मा

कलबुर्गीस उपयोजित कला शिकणारा आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या सुट्टीत संतपूरला आला होता. बोधचिन्हाच्या एका स्पर्धेसाठी चौघांनी मिळून केलेले चित्र नापसंत झाले होते. तो म्हणाला, "गुरुजी, प्रत्येकाने आपलेच काहीतरी त्यात घुसविले. आमच्यातील एकीने स्पर्धेचे निवेदन नीट वाचले होते. एकच आकार हवा, असे ती सांगत होती; आम्ही तिला बोलूच दिले नाही." सांगताना त्याची मान खाली गेली.

आम्ही त्याला शाळेच्या भिंतीवरचा चष्मा दाखविला. स्वच्छ भारत अभियानाचे हे चिन्ह २०१४ साली खुल्या स्पर्धेतून निवडले गेले. चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे, घोषवाक्य राजकोटच्या भाग्यश्री शेठ यांचे. गांधीजींचा चष्मा आणि भिंगांवर दोन शब्द, चेहरासुद्धा नाही!

काय वगळावे हे उमगले की मागणी उमगली. चौघांच्या कामात तर वगळावे लागते ते बहुधा आपलेच.

त्याने ओसरीवरूनच त्या मुलीला फोन लावला. वाचकहो, आपल्या मंडळांतही असे कोणी न ऐकलेले असेल. त्यांना एकदा विचारून पाहावे.