उत्तम शेती, पण कुणाची?

दर २७ फेब्रुवारीला आमच्या उलव्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र येतं: मावळता सूर्य, बैलजोडी आणि खाली ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’. लगेच हात जोडलेले इमोजी. ‘आपले पूर्वज किती शहाणे होते!’ पाठवणारे सगळे नोकरदार. मीही. आणि आमच्या बिल्डिंगा उभ्या आहेत त्या भातखाचरांवर.

मला या चित्राचा राग येतो. शहाणपण म्हणे! कुणाचं? याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. तो संप १९३९ पर्यंत चालला. वर्षभर चिखलात राबून पीक खोताच्या घरी नेऊन घालणाऱ्याला शेती ‘उत्तम’ कशी वाटेल? ही म्हण जमीन ज्याच्या नावावर, त्याची.

म्हण कोण कुणाला ऐकवतंय, हे वगळलं की तिचं सुभाषित होतं. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे, ज्याचं अंथरूणच ओढून घेतलंय त्याला सांगणं निव्वळ निर्लज्जपणा आहे. १९७० मध्ये सिडको आली, गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात न्याय्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली. पाय आखडून बसले असते तर काय मिळालं असतं?

‘दुरून डोंगर साजरे’ शाळेत दोन मार्कांना असतं. इथल्या मुलांना डोंगर दाखवा की! उलव्याची टेकडी विमानतळासाठी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदी वळवली, उलव्यासह दहा गावं उठवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या. (विमान मलाही हवंच आहे, खोटं कशाला बोलू?) पण ज्यांची गावं उठली त्यांची बोली आम्हाला ‘गावठी’ वाटते, मासळीवालीशी आम्ही हिंदीत भाव करतो, आणि म्हणी मात्र आम्हाला फ्रेम करून हव्यात.

एक म्हण इथे अजून रोज वापरात आहे. भूखंडाची फाइल काखेत धरून हेलपाटे घालणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा: सरकारी काम, सहा महिने थांब. ती मात्र सूर्यास्तावर छापून आलेली मी आजवर पाहिली नाही.